मधल्या खोलीतलं ताट

"आज चोर पकडायचाच!" भोंगा ओरडला.

"हळू बोल! चोराला आमंत्रण देतोयस का?" चिमटीने त्याला कोपर मारलं.

सुट्टी लागल्यापासून मुलांची बिस्किटं गायब होत होती. भोंगा राहायचा वरच्या मजल्यावर. त्याची चुलत बहीण चिमटी आणि तिचा धाकटा भाऊ लिंबू खाली. भोंग्याचे आणि चिमटीचे बाबा भांडले, तेव्हापासून घर एकच पण चुली दोन!

बिस्किटांची पिशवी जिन्यातल्या खुंटीला अडकवून तिघं दबा धरून बसले. दुपारी जिन्यालगतच्या मधल्या खोलीतून एक हात बाहेर आला. बांगडी पार कोपरापर्यंत घसरली होती.

आत्याआजी! दोघांच्या बाबांची म्हातारी आत्या; राहायची मधल्या खोलीत, जेवायची कधी वर, कधी खाली.

बिस्कीट पाण्यात बुडवून ती घाईघाईने गिळत होती. मुलं दिसताच तिने पुडा पदराखाली लपवला. "सांगू नका रे कुणाला."

चिमटी तडक खाली गेली. "आई, आत्याआजी जेवली?"

"वर जेवली असेल की."

भोंग्याने वर विचारलं. त्याची आई म्हणाली, "खाली जेवली असेल. मी कशाला विचारू त्यांना?"

"असेल, असेल!" चिमटी चिडली. "दोन घरचा पाहुणा उपाशी, तो आपल्याच जिन्यात!"

"भांडू या?" भोंग्याने विचारलं.

"एकमेकींवर ढकलतील. त्यापेक्षा आपणही तेच करू."

दुसऱ्या दिवशी भोंग्याने आईला सांगितलं, "खाली जेवलो." चिमटी-लिंबूने सांगितलं, "वर जेवलो." कुणी खात्री केली नाही. संध्याकाळी लिंबू जिन्यात धाडकन पडला.

"मस्त नाटक!" भोंगा कुजबुजला.

"नाटक नाहीये, गाढवा! आई!"

दोघी आया धावल्या, मागून चिमटीचे बाबाही.

"तुमच्याकडे जेवला ना?"

"छे! तुमच्याकडे ना?"

लिंबूला साखरपाणी पाजताना चिमटीने मधल्या खोलीचं दार सताड उघडलं. "याला एकच दिवस झालाय. आता हिच्याकडे बघा!"

आत्याआजीला उठून बसताही येईना. चिमटीच्या बाबांनी मान खाली घातली. "शाबास पोरांनो. आम्हाला दिसलंच नाही."

"शाबासकी नंतर, बाबा. आधी ताट!"

वरून एक ताट आलं, खालून एक. आत्याआजी दोन्हींकडे बघत राहिली. हात कुठेच जाईना.

"कुणाचं आधी खाऊ? कुणी रागावणार नाही ना?"

मग भोंगा जन्मात पहिल्यांदा हळू बोलला.

"दोन्ही एकत्र कालव, आजी."