बॉनेटखालची बोटभर जागा

बंद पडायला गाडीला अख्खं शहर मोकळं होतं. पण ती बंद पडली नेमकी एका अनोळखी गॅरेजच्या दारात, आणि तीही आडवी. आतून मिस्त्री हात पुसत बाहेर आला.

“बाई, गाडी जरा बाजूला घ्या.”

“घेता आली असती, तर तुमच्या दारात कशाला उभी राहिले असते?”

तो हसला. बालवाडीत रोज तीस पोरांना गप्प बसवणारी ती… त्या हसण्यापुढे स्वतःच गप्प झाली.

गाडी तिच्या बाबांची. आई गेल्यावर बाबांनी तिला याच गाडीच्या पुढच्या सीटवर वाढवलं होतं — सिग्नल लाल असला की वेणी, हिरवा झाला की पाढे. आता गुडघ्यांमुळे त्यांचं चालवणं सुटलं, तरी सकाळी फडकं घेऊन ते गाडीपाशी हजर असत. त्यामुळे मिस्त्री बॉनेटमध्ये डोकावून “तडा गेलाय, संपलं हे” म्हणाला, तेव्हा तिनं बॉनेटची कड घट्ट धरली.

“म्हणजे… भंगार?”

“इंजिन संपलं, गाडी नाही!” तो घाईनं म्हणाला. “माझ्याकडे दुसरं इंजिन आहे, चांगलं. फक्त जरा उंच आहे. वरून बॉनेट लागलं तर जिंकलो.”

“आणि नाही लागलं तर?”

“मग मात्र भंगार,” तो हळूच म्हणाला.

रविवारी सुट्टी असते, मदतीला येईन, असं तिनंच सांगितलं. पहिला रविवार नुसत्या तयारीचा. तो एकेक वायर सोडवी. ती त्या वायरवर पट्टी चिकटवून बालवाडीच्या गोलमटोल अक्षरात तिची जागा लिही, शेजारी एक फूलही काढी.

“फूल कशाला?”

“लक्षात राहावं म्हणून.”

“वायर?”

“वायरच… दुसरं काय?”

जुन्या इंजिनाला साखळी अडकवून झाली. ओढण्याआधी तो क्षणभर इंजिनावर तळहात टेकवून उभा राहिला.

“हे काय?”

“तीस वर्षं ओढलं बिचाऱ्यानं. कुणीतरी आभार मानायला नकोत?”

तिच्या हातातली पट्टीची गुंडाळी उगाचच उलगडत गेली.

पुढच्या रविवारी नवं इंजिन जागेवर नुसतं टेकवलं. त्याच्या डोक्यावर मऊ मातीचा गोळा ठेवायचा, बॉनेट दाबून लावायचं, उघडायचं. माती जेवढी जाड राहील, तेवढी मधली जागा. बोटभर हवी. माती तिनंच आणली होती, बालवाडीची, लाल. चपटी झालेली चकती मिस्त्रीनं डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

“कमी पडतेय. इंजिन जरा खाली घेऊन बघू. पुढच्या रविवारी… जमेल?”

जमलं. त्या रविवारी निळी माती होती. “अजून किंचित कमी,” तो चकतीकडे न बघताच म्हणाला.

घरी बाबांनी दोन्ही चकत्या शेजारी शेजारी धरल्या. “फरक कुठे आहे गं? दोन्ही बोटभर आहेत की! तुला दिसलं नाही?”

“दिसलं,” ती म्हणाली, आणि भांडी घासायला गेली. भांडी केव्हाच घासून झाली होती.

चौथ्या रविवारी पिवळी माती चपटी झाली, तेव्हा तिनं पर्समधून लाल आणि निळी काढून तिन्ही चकत्या ओळीनं मांडल्या.

“मिस्त्री, बोट ठेवा.”

त्यानं ठेवलं. एकेका चकतीला लावून पाहिलं, आणि त्याचे कान लाल मातीशी स्पर्धा करायला लागले.

“जागा पहिल्यापासूनच होती ना?”

“…होती.”

“मग?”

“बॉनेट लागलं की गाडी जाणार. आणि गाडीबरोबर… तुम्ही.” त्यानं मान खाली घातली. “चुकलं माझं. तिकडे तुमचे बाबा वाट बघतायत, हे कळत होतं. हातांना चैन पडत नव्हती.”

ते तिलाही दिसत होतं. रेडिएटर धुतलेला, रबरी पाइप नवे, आणि पुढची उसवलेली सीट… तिच्या बालपणाची सीट… बारीक टाक्यांनी शिवलेली. यातलं एकही काम तिनं सांगितलं नव्हतं. तिनं रागावलेला चेहरा करून पाहिला, टिकला नाही.

“सीटसाठी… खूप आभार.”

त्याला आभार घ्यायची सवय नसावी. पुसलेले हात त्यानं पुन्हा पुसले.

“मला मागच्या रविवारीच कळलं होतं,” ती म्हणाली.

“मग आज कशा आलात?”

“पिवळी माती उरली होती.”

आठवडाभरानं गाडी स्वतःच्या पायांनी घरी आली. चालवत होती ती, शेजारी आवाजाला कान लावून मिस्त्री. बाबा फाटकापाशीच होते. त्यांनी गरम बॉनेटवर तळहात टेकवला, तसाच बराच वेळ ठेवला. मग गुडघे सांभाळत मागचं दार उघडलं.

“बाबा, पुढे बसा ना!”

“ज्यानं सीट शिवली त्याला बसू दे.” ते आत टेकले. “काय मिस्त्री, बॉनेट नीट लागतंय ना? नाहीतर पुढच्या रविवारी परत आणू.”

मिस्त्रीला ठसका लागला.

“आणायचीच आहे,” ती म्हणाली, आणि गाडी सुरू केली.