फक्त मावशींचं कार्ड

दरवाज्यानं सातव्यांदा लाल दिवा दाखवला, तेव्हा रेकॉर्ड रूममधल्या सगळ्यांना पटलं की आपण अडकलोय.

खोलीला खिडकी नव्हती. बाहेर पडायलाही कार्ड लागायचं. रोज दोन वाजता दरवाज्याचा कॉम्प्युटर कार्डांची यादी नव्यानं वाचतो. आज त्यानं ती वाचली आणि साहेब, टायपिस्टबाई, स्टोअरकीपर, सगळ्यांची कार्डं मेली. बाहेरच्यांचीही. जादा किल्ली साहेबांच्या केबिनमध्ये होती, आणि केबिनलाही कार्डच.

दोन वाजून दहा मिनिटांनी सफाईच्या मावशी पोछा घेऊन आल्या. कार्ड लावलं. हिरवा दिवा. त्या आत, दार बंद.

शहाण्या माणसानं त्याच कार्डानं दार उघडलं असतं. साहेबांनी ते जप्त केलं.

तर्क सरळ होता. सगळ्यांची कार्डं बंद, हिचंच चालू, म्हणजे हिचीच करणी. शिवाय ओल्या फरशीवर बूट आपटत चालल्याबद्दल मावशींनी कालच त्यांना चारचौघांत झापलं होतं. कार्ड पाकिटात गेलं, पाकिटावर टेप, टेपवर सही. एकदाच वापरू की, मला जरा जायचंय, असं स्टोअरकीपर चुळबुळत म्हणाला. पुराव्याला हात लावायचा नाही, असं साहेबांनी बजावलं.

मग त्यांनी बॅगेतून स्वतःचा लॅपटॉप काढून टायपिस्टबाईंपुढे सरकवला. ऑफिसच्या डब्यांसारखा नाही हा, याची सिस्टिमच वेगळी, हेही ऐकवलं. मावशींना कामावरून काढल्याचं पत्र टाईप करायचं होतं.

मावशी पोछ्याचा दांडा घट्ट धरून उभ्या होत्या. आठ महिने घरी बसल्यावर ही नोकरी मिळाली होती, तिला महिनाच झाला होता.

टायपिस्टबाईंनी चष्मा पुसला. "करते टाईप. आधी फोनवर दोन गोष्टी विचारते."

फोनवर कॉम्प्युटरवाला होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. यादीतले सगळे नंबर बरोबर आहेत, नवी यादी आता उद्या दोनलाच चढेल, हे सांगून तो दमला होता. 'उद्या' ऐकून स्टोअरकीपर खाली बसला, आणि लगेच उठला.

"नंबर किती आकडी?" बाईंनी विचारलं.

"सहा."

"दरवाज्याला किती अक्षरं दिसतात?"

फोनमधून कीबोर्डची टकटक ऐकू आली. "सात. गंमतच आहे. मला तर सहाच दिसतायत."

"सगळ्यांची सात?"

"मावशी सोडून. त्यांची सहा."

"मावशी यादीत कुठे?"

"शेवटी. यादी नोकरीला लागल्याच्या तारखेनं आहे. म्हणजे होती. साहेब सातवे होते, आज पहिले दिसतायत."

साहेबांनी कॉलर सैल केली. उकडत होतं, हे खरं.

बाईंनी फोन ठेवला. "टाईपरायटरवर ओळ संपली की दोन कामं असायची. कॅरेज मागे ढकलायचं आणि कागद वर सरकवायचा. कॉम्प्युटर आला तरी ती खोड गेली नाही. काही कॉम्प्युटर ओळीच्या शेवटी अजून दोन खुणा ठेवतात, काही एकच. डोळ्यांना एकही दिसत नाही. आपला दरवाजा एक खूणवाला. यादी कुणीतरी दोन खुणांवाल्या कॉम्प्युटरवर उघडून सेव्ह केली. दरवाज्याला वाटलं, जास्तीची खूण नंबराचाच भाग आहे."

"मग मावशींचं कसं चाललं?" स्टोअरकीपरनं विचारलं.

"शेवटच्या ओळीनंतर कुणी एंटर मारलाच नव्हता. तिथं खूणच नाही."

"आणि केलं कुणी?"

"ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर दरवाज्याच्याच जातीचे. वेगळ्या सिस्टिमचा हा एकटा." बाईंनी लॅपटॉप हळूच परत सरकवला. "आणि यादीत वर चढलेलं नावही एकच."

साहेब भिंतीकडे बघत म्हणाले, "मी फक्त क्रम सुधारला. खाली कोण आहे, ते बघितलंसुद्धा नाही."

त्यांनी स्वतःच टेप फाडली आणि कार्ड मावशींपुढे धरलं.

मावशींनी हात पुढे केला नाही. "पुरावा आहे ना तो?"

"नाही."

"मग तसं लिहून द्या. चूक कुणाची, तेही."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. हातानं लिहिलेलं बरं दिसेल, असं बाई म्हणाल्या. स्टोअरकीपरनं टोपण काढून पेन पुढे धरलंच होतं.

साहेबांनी लिहिलं, सही केली. मावशींनी एकेका शब्दावर बोट ठेवून कागद वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. स्टोअरकीपरनं डोळे मिटून घेतले. मावशींनी कागदाची चौपदरी घडी घालून कमरेला खोचली, आणि मगच कार्ड लावलं.