डावी की उजवी?

माझ्या छातीतली गाठ साधी निघाली. तिचं कौतुक तेवढंच पुरे. गोष्ट माझ्या भाचीची आहे.

टाके दाखवायला गेले, तेव्हा ती सोबत होती. त्याच दवाखान्यात तळमजल्यावर बसते ती. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि आजाराला ठरलेला कोड नंबर द्यायचा. साध्या गाठीचा वेगळा, वाईट गाठीचा वेगळा, त्यातही डावी-उजवी निराळी. डॉक्टर बाजू लिहायला विसरला, की ही विचारणा पाठवणार: डावी, उजवी, की सांगता येत नाही?

"'गाठ कोणत्या बाजूची?' असं विचारणाऱ्या... त्या तुम्ही?" सर्जन हसला. डोळे चांगले होते मेल्याचे.

"आणि विसरणारे ते तुम्ही!"

"मावशींची डावी, हे तुम्हाला तर ठाऊक होतं. टाकायचा की कोड!"

"उत्तर आम्ही सुचवायचं नसतं, डॉक्टर. तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे आमच्या लेखी झालंच नाही."

त्यानंतर तो एकदाही विसरला नाही. विचारणा थांबल्या, आणि ही पोरगी उगाच हिरमुसली. मग तोच जिने उतरून खाली यायला लागला. "आज काही राहिलं नाही ना लिहायचं?"

"नाही," ही म्हणायची. तो... तरी तिथंच उभा.

एवढं सगळं, पण बोलेल तर शपथ! तेवढ्यात हिला दुसऱ्या शहरातली नोकरी चालून आली.

"अगं, तूच सांग त्याला," मी म्हटलं.

"मी सुचवणार नाही, मावशी."

कामाची सवय हाडात मुरलेली, दुसरं काय!

उद्या नोकरीला होकार कळवायचा, आणि आज माझी शेवटची तपासणी. त्यानं मला तपासलं, हात धुतले, पुसत राहिला... पुसतच राहिला.

"तुम्ही जाताय म्हणे?" त्यानं हिला विचारलं.

मी तोंड उघडलं. भाचीनं माझा पाय दाबला.

"पर्याय तीन आहेत," ती म्हणाली. मान अगदी ताठ. "जावं. राहावं. किंवा — सांगता येत नाही. तुम्हीच निवडा."

"राहावं," तो म्हणाला.

"कुठं?"

"माझ्याजवळ."

तिची नजर खाली, ओठांच्या कोपऱ्यात हसू. मला वाटलं, झालं आता! पण ही कसली सोडते?

"अपुरं आहे, डॉक्टर."

तो टॉवेल ठेवून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"माझ्या डाव्या बाजूला," तो म्हणाला. "कायमचं."