मनगटाची उंची

निवृत्त होऊन चार महिने झाले, तरी लोक त्यांना निरीक्षकच म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून वजनं आणि मापं तपासली होती. डोळ्यांना दिसेल त्यावर विश्वास, मोजता येईल त्यावर जास्त, असा त्यांचा खाक्या. घरी बसल्यावर त्यांनी डब्यांतली डाळसुद्धा तोलायला घेतली, तेव्हा बायकोने हात जोडले.

"मागची खोली रिकामी आहे. तिथे काय ती ठाकठोक करा, पण माझं स्वयंपाकघर सोडा."

नुकतंच तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसरा डोळा आधीपासूनच अधू होता. काळा चष्मा लावून ती आतल्या खोलीत पडून असे. माणूस दिसे, चेहरा दिसत नसे. औषध चाचपताना तिने दोनदा तांब्या पाडला. निरीक्षकांनी ठरवलं, उशाशी एक मांडणी करायची, जिथे प्रत्येक वस्तू तिच्या हाताला सापडेल.

मांडणीला कोपरे चोख हवेत, म्हणजे लाकूड नेमक्या कोनात कापणारी करवत हवी. हत्यारांच्या दुकानात त्यांनी तीन मायटर सॉ काटकोनाला लावून पाहिल्या. एकीचं पातं केसभर तिरकं, दुसरीचा दांडा सैल. तिसरी पसंत पडली. घोडं अडलं मशीन ठेवायच्या स्टँडपाशी. नवे स्टँड दिसायला देखणे, पण हात ठेवला की डुगडुगत.

"तो मागचा काय वाईट आहे?" त्यांनी विचारलं.

कोपऱ्यात एक जुना लोखंडी स्टँड उभा होता. चार पाय, प्रत्येक पायाला खालून वर अकरा भोकं, आणि हव्या त्या भोकात घालायच्या जाड खिट्या. निरीक्षकांनी वर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावर जाऊन बसला तो हललाच नाही.

दुकानदार म्हणाला, "तो दोनदा परत आलाय."

"का?"

"उंची जमली नाही म्हणाले."

निरीक्षक हसले. "अहो, उंची बदलता येते म्हणून तर भोकं आहेत."

"मशीन कुठलंही चालतं, साहेब. स्टँड मात्र माणसाच्या मापाचा लागतो. सरळ उभं राहायचं, हात सोडायचा. मनगट जिथे येईल, ती उंची."

त्यांचं मनगट सातव्या भोकाशी आलं. त्याच दिवशी मशीन बसलं, चार तुकडे कापून झाले. खोलीला कुलूप, किल्ली जानव्यासारखी गळ्यात. ही त्यांची जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दार उघडलं, तर स्टँड बसका झाला होता. चारही खिट्या पहिल्या भोकात. खिट्या निसटल्या असतील म्हणावं, तर प्रत्येकीची कडी नीट लावलेली. खोलीच्या फरशीला उतार होता, आणि उताराकडच्या पायाखाली लाकडाची पातळ पाचर सारलेली. ती त्यांनी केली नव्हती. त्यांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावर.

"मागच्या खोलीत गेली होतीस?"

"मला वाकायची बंदी आहे, आणि किल्ली तुमच्या गळ्यात," बायको म्हणाली.

त्यांनी स्टँड पुन्हा सातव्यावर घेतला. पुढच्या सकाळी तो तिसऱ्या भोकात होता. खाली मूठभर ताजा भुसा. त्याच्या पुढच्या सकाळी पाचव्या.

निरीक्षकांनी खिडकीचे गज हलवून पाहिले, छताचे पत्रे तपासले, कुलूप बदललं. बायकोला काही सांगितलं नाही. तारीख आणि भोक एवढंच वहीत लिहीत गेले.

चौथ्या सकाळी स्टँड सातव्या भोकात होता, जसा त्यांनी सोडला होता तसाच. हायसं वाटायला हवं होतं. पण ते मशीनसमोर उभे राहिले, दांड्यावर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. दांडा उबदार होता. नुकताच कुणीतरी सोडल्यासारखा.

त्या दिवशी त्यांनी काही कापलं नाही.

पाचव्या सकाळी नववं भोक. सहाव्या सकाळी अकरावं. मशीन त्यांच्या पोटाच्या वर आलं होतं. ज्याचं मनगट इथे, त्याचं डोकं कुठे? त्यांनी वहीत त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं आणि ते पान फाडून बारीक तुकडे केले.

मग त्यांनी वायर काढली, पातं सोडवलं, फडक्यात गुंडाळलं आणि आपल्या कपाटात कुलुपात टाकलं. आता भोकं संपली होती. कापायला पातंही नव्हतं.

सातव्या सकाळी दार उघडताना दिवस चांगला वर आला होता आणि रस्त्यावर माणसांची ये-जा होती.

स्टँड आणखी वर गेला होता.

चारही पायांखाली लाकडाचे चार ठोकळे होते. कडा आरशासारख्या साफ.

त्यांनी ते मोजले. सूक्ष्म मापाची पट्टी लावली, उलटसुलट लावली. चारही ठोकळ्यांत कणाचाही फरक नव्हता. छत्तीस वर्षांत इतक्या तंतोतंत सारख्या चार वस्तू त्यांनी पाहिल्या नव्हत्या.

कपाटात पातं फडक्यातच होतं. दातांना भुसा लागला होता.

दुपारी त्यांनी टेम्पो बोलावला, मशीन आणि स्टँड त्यात चढवले आणि स्वतः चालकाशेजारी बसले. दुकानदाराने सामान उतरवून घेतलं, फडक्याने हात पुसले. मग हळूच म्हणाला, "कितव्या भोकापर्यंत गेला?"

"शेवटच्या. आणि त्याच्याही वर."

दुकानदाराचे हात थांबले.

"आधीच्या दोघांनी तिसऱ्यालाच परत आणला होता," तो म्हणाला. "साहेब, तुम्ही इतके दिवस का थांबलात?"

मोजत होतो, असं कसं सांगणार.

घरी परतले तेव्हा उन्हं कलती होती. मागच्या खोलीत फक्त फरशी उरली होती. त्यांनी ती झाडली, दार उघडंच ठेवलं आणि किती दिवसांनी छातीभर श्वास घेतला. मग बायकोला हाक मारत आतल्या खोलीच्या दाराशी आले.

ती भिंतीला टेकून बसली होती. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला.

"पाठ दुखते का हो तुमची?" तिने विचारलं.

"नाही. का?"

"हल्ली दारातून येताना फार वाकता. कमरेतून पार दुमडता."

निरीक्षकांनी वर पाहिलं. चौकट त्यांच्या डोक्याच्या वर चांगली वीतभर होती.

"कधीपासून?"

"झाले दोन दिवस. वाटलं, काम जास्त होतंय." ती त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहू लागली, मग मान वळवून खोलीच्या अंधाऱ्या बाजूला, आणि पुन्हा त्यांच्याकडे.

"आत्ताच तर वाकून आत आलात," ती म्हणाली. "परत बाहेर कधी गेलात?"