कड्याच्या पायथ्याशी पिवळं जॅकेट

चित्रं काढायला खिंडीत जीपमधून उतरलो तेव्हा आम्ही आठ जण होतो. आठ बोर्ड, आठ घडीच्या खुर्च्या आणि वारा एक. त्या वाऱ्याने माझा ओला कागद उचलला आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या पँटवर नेऊन चिकटवला. कागद सोलून काढला, तर त्याच्या गुडघ्यावर माझं आकाश उमटलं होतं.

"लागलं का?" मी विचारलं.

"हे पेशंटला मी विचारतो," तो म्हणाला. दातांचा डॉक्टर होता. "बाकी, निळा छान जमलाय."

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्यापासून लांब बसू लागला. मी कड्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकली, की हा ओढ्याच्या पार पलीकडे. जेवताना हसायचा, चहाचा कप आधी माझ्याकडे सरकवायचा... आणि ब्रश हातात आला की गायब. मी फार बोलते, हे मला ठाऊक आहे. आठवडाभर मी तेच कारण धरून चालले. आणि उद्या सकाळी जीपा दोन दिशांना जाणार होत्या.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही सगळी चित्रं विश्रामगृहाच्या फरशीवर मांडली. आम्हाला शिकवणारे सर डॉक्टरच्या चित्रापुढे जरा जास्तच थांबले.

"कड्याखाली हे पिवळं काय आहे? टॉवर?"

"माणूस आहे, सर. तुम्हीच म्हणालात, एक माणूस घाला म्हणजे डोंगर केवढा ते कळतं."

"माणूस म्हणालो, राक्षस नाही. पुसून टाका तो."

सगळे हसले. मी नाही. पिवळं जॅकेट आमच्यात एकीचंच होतं... माझं.

जेवायला हाक आली तसे सगळे उठून गेले. तो ओला स्पंज हातात घेऊन चित्राशी बसून राहिला. मी शेजारी टेकले.

"सगळ्या चित्रांत मी आहे?"

"हो."

"म्हणून लांब बसत होतात?"

"जवळ बसून पाहिलं ना, पहिल्या दिवशी. दाढेच्या मुळाशीसुद्धा माझा हात हलत नाही. पण तुमच्या शेजारी साधी डोंगराची रेघ—" त्याने हात पुढे केला. बोटं खरंच थरथरत होती. मी ती धरली. तरी थांबेनात.

"उद्या आमच्या जीपमध्ये एक जागा आहे," मी म्हणाले. "माझ्या शेजारची. पूर्ण रस्ताभर बडबड ऐकावी लागेल."

"तेवढ्यासाठीच येईन." मग स्पंज चित्राजवळ नेत, "हे पुसू का?"

"थांब. आधी मोजू दे."

उजवा हात गुंतलेला होता, म्हणून डाव्या हाताने पट्टी लावली. नकाशावर कडा साठ मीटर. चित्रात आठ सेंटीमीटर. मी सहा.

माझी उंची पंचेचाळीस मीटर भरली.