उभा गहू कुणी मारला?

"आधी माझं रान बघा, मग तुमचे कागद काढा!"

पाहणीला आलेल्या कृषी अधिकारीबाई गाडीतून उतरतात न उतरतात, तोच ताई त्यांच्यावर धावून आली. आणि का येऊ नये? आठ दिवस लेकीच्या बाळंतपणाला गेलेली ती सकाळी परतते आणि बघते तर काय, पोटरीला आलेला गहू उभाच्या उभा वाळलेला! तोही नेमका पाहणीच्या दिवशी. आज जमीन नापीक ठरली की विक्रीला असलेला ताईचा विरोध संपला. मग जमिनीचा दलाल इथे गोदामं उभी करणार.

बाईंनी एक रोप उपटलं. पातं करपलेलं, कोंब आतून पिवळा.

"तणनाशक," त्या म्हणाल्या. "कुणी मारलं?"

"त्या दलालाने!" ताईचा धाकटा भाऊ पुढे झाला. निम्मी जमीन त्याच्या नावावर. "काल संध्याकाळी त्याची माणसं पंप घेऊन फिरत होती. या डोळ्यांनी पाहिलं मी."

दलाल बांधावरच उभा होता, पांढरेशुभ्र बूट चिखलापासून सांभाळत. "काहीतरीच काय! या शेजाऱ्याला विचारा. बांधावरून यांचं कायम वाजतं."

"तोंड सांभाळून बोल!" शेजारी उसळला. "माझ्या वाटाण्याची कड बघ. फवारा उडून तीही करपली. माझ्याच पोटावर मी पाय देईन?"

बाईंनी कड पाहिली. खरंच करपली होती. मग त्या वाळक्या गव्हातून विहिरीकडे गेल्या आणि थबकल्या.

तिथे पेरूचं कोवळं रोप होतं, टवटवीत. भोवती हिरवागार गहू, बरोबर गोल, बादलीच्या तोंडाएवढा.

"हा पेरू कुणी लावला?"

"यानेच," ताईने भावाकडे बोट दाखवलं. "याला पोरगी झाली तेव्हा. पाणीसुद्धा दुसऱ्या कुणाला घालू देत नाही."

भावाचं तोंड उतरलं.

"तणनाशक एका रात्रीत गहू वाळवत नाही," बाई म्हणाल्या. "आठवडा तरी लागतो. म्हणजे ताई बाहेर पडल्या आणि लगेच फवारणी झाली. कालचा पंप ही शुद्ध थाप. शेजाऱ्याने मारलं असतं, तर वारा बघून स्वतःचा वाटाणा जपला असता. दलालाच्या माणसांनी पेरूकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. फवारण्याआधी रोपावर बादली पालथी घालायची, ही सवय शेती करणाऱ्याची. आणि या रोपावर एवढा जीव कुणाचा? ज्याने लावलं त्याचा."

"हो, मीच मारलं!" भाऊ ओरडला. "किती वर्षं मातीत राबायचं? जमीन विकून मला शहरात जायचंय. ही ऐकते का कुणाचं? मेलाय ना आता गहू? मग लिहा नापीक!"

"गहू तू मारलास. जमीन जिवंत आहे." बाईंनी हिरव्या गोलात हात घातला. ओंब्या बाहेर पडत होत्या. "नापीक जमिनीत हे येतं होय? मी सुपीक लिहिणार. तक्रारीचं काय ते ताई ठरवतील."

दलालाने गुपचूप आपली गाडी गाठली.

ताई भावासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले, आवाज मात्र खणखणीत.

"शहरात जा, खुशाल जा. पण आधी हे रान माझ्यासमोर नांगरून, पेरून द्यायचं. आणि तुझ्या त्या दलालाला सांग, माझ्या जिवात जीव आहे तोवर इथे एक वीट पडणार नाही!"

भाऊ पेरूकडे बघू लागला.

"बघत काय राहिलास? ती बादली आण. पेरू तहानलाय."