फळीवर दोनच बोटं बर्फ

कुणाला पटो न पटो, मी यात पदरचं काहीही घातलेलं नाही.

घालू तरी कशाला? हे घडलं माझ्या आजीच्या बाबतीत, माझ्या आईच्या डोळ्यांसमोर. मी तेव्हा आईच्या पोटात होते.

साल १९८३. फेब्रुवारीतला शुक्रवार, सकाळचे पावणेसात. गाव आमचंच, नॉर्वेच्या डोंगरातलं ब्राटेली.

माझी आजी गुनवोर गावाचं हवामान बघायची. हुद्दा मोठा वाटतो, पण काम साधं. प्रार्थनाघराच्या मागे आडोशाला एक पांढरी रंगवलेली लाकडी फळी ठेवलेली असायची. रोज सकाळी सात वाजता त्या फळीवरचा ताजा बर्फ पट्टीनं मोजायचा, वहीत लिहायचा, आणि फळी कुंच्यानं साफ करायची. दुसऱ्या दिवशी जे साचेल ते चोवीस तासांचं. मग घरी येऊन खालच्या गावातल्या रस्ता-चौकीला फोन करायचा.

फळीवर तीस सेंटिमीटरच्या वर बर्फ असला की रस्त्यावरचं फाटक बंद. कारण खाली जाणारा एकुलता एक रस्ता स्कारा कड्याच्या बरोब्बर पोटाखालून जातो. कड्यावरचा बर्फ कधी सुटेल याचा अंदाज त्या फळीवरूनच बांधायचा. आकडा सांगायचा आजीनं, गाव चालायचं त्या आकड्यावर.

एकोणीस वर्षं एकही सकाळ चुकली नव्हती तिची.

तर त्या आठवड्यात, बुधवारी, ती नेहमीसारखी सातला फळीपाशी गेली. रात्रभर बर्फ पडला होता. तिच्या बुटांत वरून शिरत होता.

आणि फळी...

साफ होती.

नुकताच कुंचा फिरवल्यासारखी. कडेला दोन बोटं बर्फ उरलेला, बस्स.

"हा इंगेमुंडचा चावटपणा," आजी स्वतःशीच पुटपुटली. इंगेमुंड म्हणजे फाटकावरचा माणूस. लहानपणापासून तिच्या खोड्या काढायचा.

ती तडक फाटकावर गेली. "काय रे, या वयात फळ्या झाडायचे खेळ सुचतात तुला?"

"मी? अगं, मी सकाळी सातला माझं तोंड धुवत नाही, तुझी फळी कशाला झाडू?" तो हसायला लागला. मग डोळे मिचकावत म्हणाला, "एइलेर्ट आला असेल बघ. गेल्या वेळची चूक सुधारायला."

"जीभ आवर," आजी म्हणाली.

एइलेर्ट म्हणजे तिच्या आधीचा माणूस. १९६४ साली एका सकाळी त्यानं 'फक्त दोन' असं कळवलं. फाटक उघडलं. दुधाची गाडी निघाली, आणि कडा तिच्यावर आला. आतली दोघंही गेली. एइलेर्ट मरेपर्यंत एकच सांगत राहिला, "फळीवर अडतीस होते. मी फोन केलाच नव्हता."

कुणाचा विश्वास बसणार? नऊ वर्षं जगला त्यानंतर. गावात कुणी त्याला कॉफी विचारली नाही. आजीनं तर भर दुकानात त्याला तोंडावर सुनावलं होतं, "अंथरुणातनं उठला नाहीस, आळशी माणसा, आणि दोन जीव घेतलेस."

त्या बुधवारी पायांचे ठसे मात्र फक्त आजीचे होते. घरी परतताना तिनं ते नीट बघितले.

गुरुवारी पुन्हा तेच. फळी साफ. दोन बोटं बर्फ.

शेजारच्या, आकडे रंगवलेल्या खांबावर बर्फाची उंची वाढलेली दिसत होती, पण खांबावर भरवसा ठेवायचा नसतो. वारा त्याच्या बुडाशी वाटेल तेवढा बर्फ लोटतो. आजीनं वहीत दोन्ही दिवशी एकच शेरा मारला, 'फळी बिघडली, मोजता आलं नाही', आणि फाटक बंद ठेवायला सांगितलं. गावात कुरकुर सुरू झाली. दुकानातलं यीस्ट संपलं होतं, डाक दोन दिवस अडकली होती.

"बाईला भीती वाटायला लागली," लोक म्हणायचे. "आता दुसरं कुणी बघा."

शुक्रवारी पहाटे पाचला माझ्या आईला, आशिल्डला, कळा सुरू झाल्या.

तारीख दोन आठवडे लांब होती. हॉस्पिटल कड्याच्या पलीकडे, दीड तासावर. माझे बाबा, टेर्ये, नुसते या खोलीतून त्या खोलीत.

"आई, आज उघडेल ना रस्ता?" आशिल्डनं पलंगाची कड घट्ट धरून विचारलं.

"बघून येते," आजी म्हणाली. "तोवर श्वास सावकाश घे. टेर्ये, तू गाडी गरम कर, नाहीतर इथं येरझाऱ्या घालून जमीन झिजवशील."

ती नेहमीपेक्षा लवकर निघाली. आज फळी झाडणाऱ्याला रंगेहाथ पकडायचंच, असं ठरवून.

बाहेर निळसर उजेड होता. बर्फ पडायचा थांबला होता. वारा नव्हता.

कुत्री भुंकत नव्हती.

एरवी प्रार्थनाघराच्या छपरावर कावळे असायचे. आज एकही नव्हता.

फळीवर बर्फ होता! चांगला जाड थर, न मोडलेला. आजीला हायसं वाटलं. तिनं पट्टी खुपसली. बॅटरी धरून वाचलं.

एक्केचाळीस.

एक्केचाळीस म्हणजे फाटक बंद. म्हणजे तिच्या लेकीचं बाळंतपण घरात, पहिलटकरणीचं, डॉक्टरशिवाय.

ती वही काढायला वळली. हातमोजा दातांनी ओढला. आकडा लिहिला. घड्याळात बघून वेळही लिहिली, सहा पन्नास.

तेवढ्यात मागून आवाज आला...

सर्र... सर्र...

कुंच्याचा.

मान वळवायला तिला किती वेळ लागला असेल? एक क्षण.

फळी साफ होती. तिची पट्टी कोरड्या लाकडावर आडवी पडली होती. कडेला दोन बोटं बर्फ.

आजूबाजूला कुणी नाही. ठसे तिचेच.

आजी पळत सुटली. पासष्ट वर्षांची बाई, गुडघाभर बर्फातून. घरी पोचली तर दार सताड उघडं. चुलीवर कॉफी उकळून सांडत होती.

"आशिल्ड?"

तिनं आतल्या खोलीत डोकावलं.

"टेर्ये!"

पलंग रिकामा. अंगणात गाडी नाही.

तिनं फोन उचलला. तिनं नंतर मला स्वतः सांगितलं, काही न लपवता, "रिसीव्हर कानाला लावला ना, तेव्हा माझ्या जिभेवर 'दोन'च होतं गं. वाटलं, सांगून टाकावं. माझी पोर पोचेल तरी."

पण ती म्हणाली, "गुनवोर बोलतेय. एक्केचाळीस. फाटक बंद."

पलीकडे चौकीतला टोरलेइफ होता.

"बाई, थट्टा करताय का? आत्ता दहा मिनिटांपूर्वी तुम्हीच फोन केलात. 'दोन' म्हणालात. मी इंगेमुंडला उघडायला सांगितलं पण!"

"मी? अरे, मी फळीपाशी होते!"

"तुमचाच आवाज होता. मध्ये खोकलात सुद्धा. तुमचा तो नेहमीचा कोरडा खोकला."

आजीनं रिसीव्हर तसाच टाकला. दारातली ढकल-घसरगाडी घेतली, तीच ती, जिच्यावर उभं राहून, एका पायानं बर्फ रेटत आम्ही दुकानात जातो, आणि उतारावरून सुटली. फाटकावर इंगेमुंड उभा होता. फाटक उघडं.

"अगं, अगं, कुठं निघालीस? लेक गेली की तुझी आत्ताच!"

"किती पुढे गेली?"

"त्या वळणाशी थांबलेत. पोरीला उलटी होतेय. काय झालं काय?"

तिनं ऐकलं नाही. गाडी वळणावर, कड्याच्या अगदी तोंडाशी उभी होती. टेर्ये बाहेर, आशिल्ड खिडकीतून बाहेर वाकलेली.

"मागे घे!" आजी ओरडली. "मागे घे म्हणते ना, गाढवा!"

"आई, तुम्हीच तर..."

"मागे!"

टेर्येनं सासूचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. त्यानं गाडी उलटी घेतली, फाटकाच्या आत, इंगेमुंडच्या खोपटापर्यंत. आजी मागोमाग.

मग पायाखाली काहीतरी खचलं.

हुम्म्म...

एवढाच आवाज. बर्फाच्या पोटातून आलेला.

आणि स्कारा सुटला.

झाडं आधी वाकली, मग दिसेनाशी झाली. वाऱ्यानं आजीला खोपटाच्या भिंतीवर आपटलं. सगळं शांत झालं तेव्हा वळण नव्हतं. रस्ता नव्हता. दोन माणसं उंच बर्फ होता.

माझा जन्म त्या खोपटात झाला, दुपारी दोन वाजता. इंगेमुंडनं पाणी तापवलं आणि पूर्ण वेळ भिंतीकडे तोंड करून बसला. सुईणीचं काम आजीनं केलं.

सगळं गोड झालं असं वाटतं ना? थांबा.

संध्याकाळी मला दुपट्यात गुंडाळून आईजवळ ठेवलं. आजी बाजूला बसली. आईनं तिचं तोंड निरखून बघितलं.

"आई, तू असं का केलंस?"

"काय केलं?"

"तू घरी आलीस. मी पलंगावरून बघत होते. फोनपाशी गेलीस. माझ्याकडे पाठ होती तुझी. मी दोनदा हाक मारली, तू वळली नाहीस. 'दोन' म्हणालीस, 'उघडा'. मग मागच्या दारानं गेलीस."

आजीनं अंगातल्या जाकिटाकडे बघितलं.

"तुझंच जाकीट होतं, आई. पण..." आई म्हणाली. "जमिनीवर पाणी नव्हतं. एवढ्या बर्फातून आलीस, आणि एक थेंब सांडला नाही."

चौथ्या दिवशी आजी एइलेर्टच्या बायकोकडे गेली. बोर्घिल्ड. ऐंशीच्या पुढची, एकटी राहायची. एकोणीस वर्षांत आजीनं त्या घराची पायरी चढली नव्हती.

"माफी मागायला आले," आजी म्हणाली. "एइलेर्ट खोटं बोलत नव्हता."

म्हातारीनं तिला आत बोलावलं नाही. दारातच उभी राहिली.

"तू कशाला माफी मागतेस? तू नुसती शिव्या देऊन गेलीस." तिनं दाराची कड धरली. "त्या सकाळी मी स्वयंपाकघरात होते. मी त्याला फोन करताना बघितलं, पाठमोरा. पोलिसांना तसं मीच सांगितलं. माझ्या नवऱ्याविरुद्ध. तो मरेपर्यंत माझ्याशी एकच वाक्य बोलायचा, 'बोर्घिल्ड, तू माझं तोंड बघितलं होतंस का?'"

आणि तिनं दार लावून घेतलं.

आजीनं त्याच आठवड्यात काम सोडलं. पुढच्या वर्षी यंत्र बसवलं, फळी कुणी तरी जाळली. दोनची नोंद चौकीच्या रजिस्टरात अजून आहे, आजीच्या नावावर, सहा पन्नासला. तिच्या वहीत त्याच वेळी एक्केचाळीस. गाव रजिस्टरवर विश्वास ठेवतं. बाईनं लेकीसाठी खोटं सांगितलं आणि मग घाबरली, असंच आजही म्हणतात.

आजी गेली त्या हिवाळ्यात मी तिच्या उशाशी होते. आई पलंगाच्या कडेला. शेवटी शेवटी आईनं तिचा हात धरून विचारलं, इतकी वर्षं गिळलेलं एकदाचं विचारलं.

"आई, खरं सांग. ती तू नव्हतीस ना?"

आजीनं मान तिच्याकडे वळवली.

"मी फळीपाशी होते," ती म्हणाली. "पण पोरी, मनातून मी तेव्हा घरातच होते... तुझ्याजवळ. फोनपाशी."

आईनं हात सोडला. हळूच सोडला, पण सोडला. मी बघितलं.

माझी आई आता एकटी राहते. हिवाळ्यात मी भेटायला जाते, तेव्हा कधी मीच ओट्याशी उभी राहून कॉफी करते, पाठमोरी. मागून आईचा आवाज येतो.

"ए... इकडे वळ बघू आधी."

मी वळते. तरीही ती थोडा वेळ माझ्या पायाखालची जमीन बघत राहते.